शेपटीचं अक्षर

क्लुजच्या जिल्हा रुग्णालयाच्या धोबीखान्यात
अकरा वर्षं मी चादरी मोजल्या.
गेल्या किती, आल्या किती,
रक्ताच्या वेगळ्या, फाटक्या वेगळ्या,
आणि ज्या परत आल्याच नाहीत
त्या शेवटच्या रकान्यात.

आता सोमेश नदीकाठी, काचेच्या इमारतीत,
चौथ्या मजल्यावर माझ्या नावाची पाटी आहे:
स्मारांदा मुरेसान, प्रोजेक्ट मॅनेजर.
खरं तर मुरेशान. अक्षराखालची शेपटी
छापणाऱ्याकडे गळून पडली.
पाटी माझ्या आधीच येऊन बसली होती,
आणि माझ्यापेक्षा तिलाच जास्त खात्री दिसत होती.

पहिल्या सोमवारी मीटिंगमध्ये
एकोणीस शब्द वहीत उतरवले,
ऐकू आले तसे.
ब्रँच म्हणजे फांदी, एवढं कळलं.
ती मर्ज करताना चोंगोर
देवाचं नाव का घेतो, ते नाही कळलं.
मी मान हलवत राहिले.
संध्याकाळी मान दुखली.

नवऱ्यानं विचारलं, नेमकं काम काय असतं तुला?
म्हटलं, दुसऱ्यांना विचारायचं, झालं का.
"याचा पगार देतात?"
मीही हसले.
मग भांडी जरा जोरातच घासली.

किती वेळ लागेल, असं विचारलं
की खोलीतली हवा बदलते.
चोंगोर म्हणतो, दोन दिवस,
आणि खिडकीकडे बघतो.
द्रागोश म्हणतो, अवलंबून आहे.
(त्याची बायको नववा महिना संपत आल्यावरही
हेच ऐकत होती म्हणे.)
इलिंका काही म्हणत नाही,
बाह्या ओढून बोटं झाकून घेते.

हे मात्र मला येतं.
तीन नंबर वॉर्डची सिस्टर चाळीस म्हणाली
की साठ पाठवायच्या,
आणि जी कधी काही मागतच नाही
तिच्याकडे आधी जायचं.
चोंगोरच्या दोन दिवसांचे मी गुपचूप पाच लिहिले
आणि दोन कॉफ्या घेऊन इलिंकाशेजारी बसले.

पडद्यावर रुग्णांच्या नोंदणीचं ॲप.
त्यामागच्या ओळी मला वाचता येत नव्हत्या.
नावाची रिकामी चौकट तेवढी वाचता आली.
कान तापले, तरी विचारलं:
माझं आडनाव जाईल यात? शेपटीसकट?
इलिंकानं टाइप केलं.
माझ्या आडनावाच्या मधोमध
एक प्रश्नचिन्ह उभं राहिलं.

"माहीत आहे," चोंगोर पाठमोराच म्हणाला.
"यादीत आहे. एकशे बारावं. आठ महिने झाले.
माझ्या आईचं नावही जात नाही."
मग?
"मग काय. कुणी विचारलं नाही."

एकदा धोबीखान्यात
एका स्वेटरवरच्या चिठ्ठीतलं अक्षर धुपलं,
तो भलत्याच घरी गेला.
म्हाताऱ्याची मुलगी तीन दिवस
काउंटरपाशी येऊन उभी राहायची.
भांडली असती तर बरं झालं असतं.
तोवर म्हातारा नव्हता राहिला,
तिला फक्त स्वेटर हवा होता.
मी रजिस्टर उलटंपालटं करत राहिले,
जणू लोकर पानांत सापडणार होती.

गुरुवारी द्यायचं ठरलेलं.
बुधवारी दुपारी मीच फोन लावला.
उद्या देत नाही आम्ही.
पलीकडून विचारलं, तांत्रिक कारण काय?
वही उघडली. एकोणीस शब्द,
एकही उपयोगाचा नाही.
म्हटलं, माणसांची नावं चुकतायत.

बराच वेळ नुसती खरखर.
माझ्यामागे तिघांचे कीबोर्ड थांबलेले.
"बरं. मग किती वेळ लागेल?"

नदीच्या कडेला अजून बर्फाची साय होती,
कुणाचं तरी कुत्रं ती हुंगून मागे सरत होतं.
म्हणजे, माझ्या लक्षात आलं,
मी खिडकीकडे बघत होते.

"दोन दिवस," मी म्हणाले.