फौजदाराला सोबत

शर्वाणी शिकायला ॲबर्डीनला गेली,
मागे तिचा ऑस्कर मासा:
वीतभर, काळा, अंगावर निखारे.
मी त्याला फौजदार म्हणते.

"एकटा पडलाय गं, सोबत बघ त्याला,"
फोनवर.
जशी काही मी स्थळंच बघत बसलेय.

स्वान्सीत, बाजारामागे, ग्लेनिसचं दुकान.
निळ्या चिमुकल्या टेट्रांपाशी रेंगाळले,
तर म्हणाली, "तोंडात मावतो तो घास.
मावत नाही, तो शेजारी."
आणि जिवंत गप्पी? खायला म्हणून ती विकत नाही.
"रोग आणतात. गांडुळं दे,
औषध न मारलेल्या मातीतली."

म्हणून रात्री अकराला, बॅटरीवर लाल कागद बांधून,
ओल्या हिरवळीवर मी ओणवी, अनवाणी.
गांडूळ ओढलं तरी
माती त्याला लगेच सोडत नाही.

शेजारी आणला प्लेको,
चिलखती, ओबडधोबड,
काचेला तोंड लावून बसणारा.
त्या रात्री तीनदा उठून पाहिलं.

सकाळी दोघं दोन कोपऱ्यांत,
शेपट्या शाबूत.
तिला कळवलं: जमलंय.
म्हणजे, अजून कुणी कुणाला खाल्लं नाही.

ती हसली. मग जरा थांबून,
"तू जेवतेस ना वेळेवर?"