वाटा

सकाळी पाकोळ्यांची गुहा झाली.
जहाजाच्या फळ्यावर तिच्यापुढे बरोबरची खूण,
खाली पुढची ओळ :
निवती. स्थानिक संस्कृती. दीड तास.
अक्षर माझंच.
मार्गदर्शक म्हणून सहीही माझी.

रबरी होड्यांतून उतरलो अठरा जण
गुडघाभर पाण्यात, नव्या चपला हातात घेऊन.
काठावर रापण ओढत होते.
दोन दोर, दोन रांगा, आणि समोर समुद्र,
पलीकडून कुणी धरून ठेवल्यासारखा.

मी सुरू केलं :
ही पद्धत जुनी, जाळं इतके वाव,
फटू मेतर मागे न बघताच म्हणाला,
“गो बाये, सांगत काय रवलंस? दोरी धर.”

धरली.
मग इंदूरच्या बाईंनी धरली,
मग हृदयाची झडप बदललेल्या सबनीसांनी,
बायकोकडे न बघता.
दोर आता काथ्याचा नाही, नायलॉनचा,
तरी तळहाताला चावतो.
टाच वाळूत रोवायची, मागं सरायचं,
शेवटाला पोचलात की सोडायचं
आणि धावत पाण्याशी जाऊन
पुन्हा पहिलं व्हायचं.
तासभर कुणी फोटो काढला नाही.
हात नव्हते.

वर काकण घिरट्या घालत होती.
तिचं लॅटिन नाव मला तोंडपाठ आहे.
ओठांपर्यंत आलं,
पुढच्या ओढीला दातांखाली गेलं.

जाळं आलं, तर फारसं काही नाही.
तारली, थोडे पेडवे, दोन म्हाकुल,
रागानं फुगलेला एक केंड,
तो पोरांनी परत फेकला,
आणि झारच झार, काचेचा चिखल.
फटू बघत राहिला जाळ्याकडे.
त्याचा चेहरा मला वाचता आला नाही.
वाचून दाखवायचाच पगार घेते मी.

कोयंडेवहिनी वाळूत वाटे घालायला बसल्या.
मूठ. मूठ. मूठ.
होडीचा, जाळ्याचा, ओढणाऱ्यांचे,
आणि मग, न मोजता, अठरा आणखी.
“अहो, आमचं नको,
आम्ही पैसे भरून आलोय.”
“ता थंय, बोटीर.
हयसर जेना दोरी धरल्यान, तेका वाटो.”

जहाजावर बाहेरचं अन्न आणायला बंदी आहे.
रोज न्याहारीला हा नियम मीच वाचते.
परतताना सबनीसांच्या खिशात
कार्यक्रमपत्रिकेत गुंडाळलेल्या पाच तारल्या,
शाई पुसट होत चाललेली.
माझ्या टोपीत काय होतं ते मी सांगत नाही.

रात्री भटारखान्यातून वास आला.
कप्तान दोनदा खोकला, वर निघून गेला.

बर्थवर पडून मी हिशेब मांडला :
एकूण मासळी, भागिले हात.
अठरा हात कमी धरून पुन्हा मांडला.
आमच्यापायी त्यांच्यातल्या प्रत्येकाचे
दोन-तीन मासे गेले असावेत.
आम्ही ओढलं ते त्यांनी तेवढ्यात ओढलंच असतं,
बहुधा लवकर.

चव चांगली होती.
काटे फार.
एक अजून दाढेत आहे,
जिभेनं शोधते आहे.