यादी भाग क्रमांक ११२

मानवतच्या आमच्या भागात नऊशे अठ्ठेचाळीस मतं.
मला सगळी पाठ आहेत,
कोणाला दमा, कोणाला रिक्षा पाठवावी लागते,
कोणत्या घरात सासू आपली अन् सून त्यांची.
नावापुढं पेन्सिलीनं टिंब देतो.
एक टिंब पक्कं, दोन टिंबं डळमळीत,
फुली म्हणजे तिकडचं.
पंधरा वर्षं हेच करतोय.

सभा परभणीला होती.
आम्ही दोन टेम्पो भरून नेले,
वाटेत कागदावर सुशीला खाल्ली.
साहेब पीकविम्यावर बोलले, पाण्यावर बोलले
(आमच्या नळाला अकराव्या दिवशी येतं, टाळ्या बेताच्याच),
मग म्हणाले, आता म्हणं पोरं पोरांशी लग्न लावणार!
आपला पक्ष आहे तोवर
असली थेरं या मातीत चालू देणार नाही.

मंडप खदाखदा हसला.
मी खाली बघितलं तर
माझे हात टाळ्या वाजवत होते.
साहेब थांबले की वाजवायच्या,
एवढंच त्यांना ठाऊक.

अनुक्रमांक सहाशे बारा, मी.
सहाशे तेरा, मुंजाजी.
घराला घर लागून, म्हणून नंबराला नंबर.
जिनिंगमध्ये, कापसाच्या गंजीमागं
त्यानं एकदा माझ्या केसांतला कापूस वेचला होता,
एकेक तंतू,
पाळी संपल्याचा भोंगा वाजून गेला तरी.
लग्न हा शब्द आमच्या तोंडी कधी आलाच नाही.
फक्त नांदेडला दोन रात्री राहिलो,
लॉजच्या वहीत 'येण्याचं कारण' या रकान्यात
मी लिहिलं, पक्षकार्य.
तो आठवडाभर हसत होता.

आता तो हैदराबादेत, गोदामावर.
सभेचा व्हिडिओ त्याच्यापर्यंत गेला.
तिसऱ्या रांगेत मी दिसतो, टोपी घातलेला.
दोनच शब्द आले त्याचे:
छान वाजवतोस.

चिठ्ठ्या वाटायला निघालो.
दोनशे चार, प्रयागबाई. जन्माचं पक्कं टिंब.
ओट्यावर शेंगा फोडत बसलेली.
"कामून रं, त्या दिशी सायेब पोरायचं काय म्हनला?"
म्हटलं, "काही नाही मावशी, शहरातलं असतं ते."
तिनं दोन शेंगा फोडल्या.
"मंग आमचा ग्यानबा शहरातला हाय का?"

मी पिशवीत उगाच चिठ्ठ्या शोधल्या.

"चाळिशीला आला. म्या इचारत न्हाई, त्यो सांगत न्हाई.
टीव्हीवर सायेब बोलला अन् ह्यो भरल्या ताटावरून उठला.
पानी आनतो म्हनला.
त्या दिशी पान्याची पाळी नव्हती."

तरी मी विचारलंच,
विचारणं हेच तर माझं काम,
"मत आपल्यालाच ना, मावशी?"

"देते की. रस्ता केला, निराधारचा पगार चालू केला.
रस्त्यासाठी देते.
त्या बोलन्यासाठी न्हाई देत.
मशीनला कळंल का येवढं?"

मी म्हणालो, ऊन फार झालंय, येतो.

रात्री ऑफिसात तालुकाध्यक्षांनी आकडा मागितला.
सहाशे एकतीस पक्के, मी सांगितलं.
कोणी चहा पुढं केला, कोणी पाठ थोपटली.
पंख्याखाली पानं उडत होती,
अंगठा ठेवला तो नेमका सहाशे बारावर पडला,
घामानं टिंब पसरलं,
पक्कं राहिलं नाही, फुलीही झाली नाही.
तसल्या डागाला यादीत खूण नाही.

सहाशे तेरापुढं 'स्थलांतरित' लिहायचं राहून गेलंय
गेल्या निवडणुकीपासून.
तालुकाध्यक्ष म्हणाले, हे एक नाव तेवढं क्लिअर करून टाक.
पेन्सिलीला टोक नाही, म्हणालो.

टोक होतं.