जाळरेषा, येऊर

सकाळी साडेसहा. पाचोळ्यावर अजून दव.
हीच वेळ बरी, जान्या म्हणतो,
आग अर्धी झोपेत असते, सांगितलेलं ऐकते.

आडनाव बरफ. काम जाळायचं.
पहिल्या दिवशी मी हसले होते. त्याने हसू दिलं.

सहा मीटर रुंद, टेप लावून मोजलेली पट्टी,
कडेचा पाला आत ओढलेला,
दोन्ही अंगांना ऐनाच्या ओल्या फांद्या घेऊन बायका.
माझ्याकडे शिट्टी, नकाशा, आदेशाची झेरॉक्स.
जान्या चिमटीतून माती सोडतो,
वारा कुठला ते बघतो,
आणि काडी ओढतो
देवापुढे ओढावी तशी, हाताच्या आडोशाने.

सागाचं पान आधी आक्रसतं, मग तडकतं.
आग रमत चालते,
पायात घोटाळणाऱ्या कुत्र्यासारखी
जान्याच्या मागे-पुढे.
एकदा रेषेबाहेर जीभ काढते.
"ए," तो म्हणतो.
चिमी फांदी हाणते. आत.

नऊला फोन सुरू.
घोडबंदर रोड, विसावा मजला:
मॅडम, जंगल जळतंय, तुम्ही लोक करताय काय?
जाळतोय, मी म्हणते.
पलीकडे गप्प.
मग मी समजावते, आज एवढं जाळलं
म्हणजे एप्रिलात सगळा डोंगर जायचा नाही.
ते ठीक आहे, म्हणतात,
पण बाल्कनीत राख येतेय, कपडे वाळत घातलेत.

भाकरी मोडताना जान्या सांगतो, सहज,
समोरच्या उतारावर बोट दाखवून:
माझा बापूस तिथं राब भाजायचा, भाताच्या रोपासाठी.
चौकीत दोन दिवस बसवला त्याला.
काडीपेटी जप्त.
कागदावर लिहिलं होतं: काडीपेटी एक, काड्या अकरा.
मोजल्या म्हणं साहेबानं, एकेक करून.
आता तुमचीच काडी, सरकारी,
वर रोज पण देता.
आणि हसतो.
या वेळी हसू देण्याची पाळी माझी.

दुपारी धारेपासून ओहोळापर्यंत
काळा पट्टा, गरम, मधेच धुगधुगणारं एक खोड.
त्यावर पाणी. पुन्हा पाणी.
कोतवाल पक्षी येऊन भाजलेले नाकतोडे वेचतो,
त्याला कुणी आदेश दाखवत नाही.

मस्टरवर सह्या. जान्याचा अंगठा.
स्टॅम्पपॅड मी पिशवीतून काढेपर्यंत
त्याने उठवलासुद्धा,
ठळक, रेषा न् रेषा दिसणारा.

काडीपेटी जमा करून घ्यायची असते. रजिस्टरला रकाना आहे.
त्याच्या शर्टाच्या खिशात ती वाजते, उतरताना, पाड्यापर्यंत.
मी ऐकत चालते मागून.
शिल्लक काड्या:
लिहीन उद्या.