उरलेली सात घरं

इंदापूरकर काकू कोडं पुरं करत नाहीत.
जनकगंजात त्या वर, आम्ही खाली.
अकराच्या सुमाराला दोरीला बांधलेली टोपली उतरते,
टोपलीत पेपर, पेपरात सुडोकू:
चौऱ्याहत्तर घरं पेनाने, सात कोरी.
"पुढचं काय, कळलंच की," म्हणतात.
"टोटल मारायला ज्युनिअर असतो."

एजी ऑफिसात चौतीस वर्षं काढली त्यांनी.
ज्युनिअर मी.
बँकेच्या परीक्षेत दोनदा राहिलेला,
कॉम्प्युटर कोर्सचा दुसरा हप्ता थकलेला.

म्हणून प्रोग्रॅम लिहिला.
कोरं घर दिसलं की थांब.
आडवी ओळ बघ, उभी बघ, नऊंचा चौक बघ,
दिसेल तो आकडा खोड.
एकच उरला तर लिही, नाहीतर पुढे हो.
कोरं काही आहे तोवर फिरत राहा.
बावीस ओळी.
आई म्हणाली, हे इंटरव्ह्यूत विचारतात का रे?

सोमवारी चहा निवायच्या आत सातही भरली.
मंगळवारी टोपलीत गजकचा तुकडा आला.
बुधवारी
लॅपटॉपचा पंखा सुरू झाला तो थांबेचना.
जानेवारी, तीन डिग्री, रजईवर तो तापत गेला
आणि मी त्याच्यावर हात शेकत बसलो.
वाटलं, अवघड असेल. विचार करतोय.

विचार कसला.
बाड्याभोवती रिकामा टेम्पो फिरावा, तसा फिरत होता.
पाच घरं भरलेली, दोन तशीच.
त्यातल्या एकात ओळीला हवा होता दोन,
आणि उभ्या रांगेत दोन आधीच बसलेला.
एकही आकडा उरला नाही तर काय करायचं
हे मी कुठे लिहिलंच नव्हतं.

पेपर घेऊन वर गेलो. काकू मटार सोलत होत्या.
"सातवी ओळ," मान वर न करता म्हणाल्या.
"सहा लिहिलाय मी तिथे. दोन पाहिजे."
चुकून?
"चुकून कशाला? खाली जाणाऱ्या कागदात
एक आकडा हलवून ठेवायचे मी. एकच. कधीही एकच.
बेरीज काय, कोणीही करतं.
पेनाने लिहिलेलं कोण वाचतो, ते बघायचं असतं."
एक शेंग किडकी निघाली, ती बाजूला टाकली.

रात्री सगळ्यांच्या वर एक ओळ घातली:
आधी भरलेलं तपास.
सातवी ओळ लाल झाली.
मग तिसरीही झाली.
आठव्या घरात पाच, आणि तोच पाच खाली त्याच रांगेत,
निळ्या शाईत, ठाम.

दुसरं घर का अडलं होतं, ते आत्ता कळलं.

विचारायला जिन्यावर गेलो. चार पायऱ्या.
एकच. कधीही एकच.
परत उतरलो.

सकाळी पेन्सिल नीट तासून
पाचाच्या कोपऱ्यात बारीकसा आठ काढला,
पुसता येईल इतका फिका,
पेपर टोपलीत ठेवला
आणि दोरी दोनदा ओढली.