आखूड वीत

ग्रुयेत्सच्या बागेत, मे महिन्यात,
बोगना कॅलिपर लावते
घोसातल्या मधल्या फळाला : दहा मिलिमीटर.
हवा ढगाळ, उबदार. म्हणजे आजच.

आधी हे काम हातांचं होतं.
दोन फळांत एक वीत, म्हणायचा आमचा बाप झेनॉन
आणि खुडत जायचा शिडीवरून.
पण त्याची करंगळी
रसाच्या चरकात गेलेली.
म्हणून आमची सफरचंदं
वर्षानुवर्षं लहान, कारखान्याच्या भावाने जाणारी;
आणि का, ते कळलं
शवपेटीत त्याचे हात जुळवताना.

आता फवारा. पानांवर ओलसर धुकं,
मग दहा दिवस काहीच नाही.
बोगना रोज जाते, रोज परत येते.
जास्त झालं की कमी, झाड सांगत नाही.
अकराव्या दिवशी देठ पिवळे.
बोट लागायचा अवकाश,
वाटाण्याएवढी फळं
बुटांत, कॉलरमध्ये, कुत्र्याच्या पाठीवर.

शेवटच्या ओळीतलं तिसरं झाड
तिने फवाऱ्यातून वगळलेलं.
तिथे ती शिडी लावते,
करंगळी दुमडते
आणि मोजायला लागते.