चोथा

मार्चमध्ये आम्ही क्वेव्री उघडतो:
गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला रांजण,
आत माणूस उभा राहील एवढा.
वाइन वर काढली की तळाशी उरतो
साली, बिया, देठांचा तपकिरी चोथा.
तो भट्टीवर चढतो, त्याची चाचा निघते,
आणि मग त्याला कोणी विचारत नाही.

काखेतीतल्या आमच्या गावात तो ओढ्यात ढकलायचे.
आंबूस वाफ, चिलटं,
काठावर गवताची काडी नाही.
मी म्हटलं, यंदा तो माझा.
सासरे म्हणाले, घे, कोण मागतंय.

छाटणीच्या काड्यांवरून मात्र भांडण झालं.
द्राक्षाच्या निखाऱ्याशिवाय मांस भाजायचं नाही,
हे शालवांना त्यांचे आजोबा सांगून गेलेले,
आणि मी काड्यांचा भुगा करणारं यंत्र
भाड्याने अंगणात आणून उभं केलेलं.
चार मोळ्या त्यांच्या, उरलेल्या मातीच्या.
तहाला साक्षीदार शेजारचा जुम्बेर,
त्यानेही जाताना एक मोळी उचलली.

चोथा, भुगा, मेंढ्यांच्या लेंड्या, पुन्हा चोथा.
पहिल्या वर्षी पाणी जास्त झालं, ढीग बसला,
नुसती घाण सुटली.
जुम्बेर नाक दाबून म्हणाला,
एतेर, तेलावीच्या प्रयोगशाळेत हेच करत होतीस का?

तिथे मी अकरा वर्षं मातीचे आकडे लिहिले.
एका कागदावर आमच्याच मळ्याचं नाव आलं:
तांबं.
सामुदायिक शेतीच्या काळापासून फवारलेलं मोरचूद
पानांवरून ओघळून खाली बसलेलं.
कुदळ मारली की ठण्ण.
वीतभर खणलं तरी एक गांडूळ नाही.
खत ते तांबं काढून घेणार नाही.
नुसतं धरून ठेवेल,
भांडखोर पोराचा दंड आई धरते तसं.

दुसऱ्या जानेवारीत सगळीकडे बर्फ,
एक ढीगच काळा, ओला, वाफाळता.
रात्री शालवा कंदील घेऊन आले,
कोपरापर्यंत हात आत खुपसला
आणि चटकन बाहेर काढला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग डोक्यावरची नमद्याची टोपी काढून
ढिगाच्या शेंड्यावर ठेवली.
"थंडीत उघड्या डोक्याने बसू नये."
सकाळी मी ढीग उलटला.
टोपी आत गेली, माझ्या लक्षातही आलं नाही.

यंदा चाळणीत तिची कड सापडली,
बोटभर, अजून शिवण धरून.
मी ती त्यांना दाखवायला नेली.
ते सातव्या ओळीत गुडघ्यांवर बसलेले,
तळहातावर गांडूळ,
आणि त्याला रागावत होते,
एवढी वर्षं कुठे होतास म्हणून.
कडेकडे त्यांनी नुसतं पाहिलं.
"हट्टी आहे," म्हणाले. "परत टाक."